रोजची मोटार आणि विकतची अश्वशक्ति

मोटारगाडी कारखान्यांतून बाहेर पडते न पडते तोंच तिच्यांत कांहीं तरी उणें आहे असें सांगणारा धंदाहि तिच्या पाठोपाठ बाहेर पडतो. हा धंदा आजकालचा, अशी पुष्कळांची समजूत आहे. महाविद्यालयांतील तरुण मंडळी एंजिनाचा कारभार पाहणाऱ्या संगणकांत फेरफार करून गाडीची शक्ति वाढविण्याच्या गोष्टी करूं लागली म्हणजे त्यांच्या वडिलांना हें नवेंच खूळ निघालें असें वाटतें. वस्तुतः या खुळास शंभर वर्षें होऊन गेलीं. रोज कचेरीस, बाजारास व मुलांच्या शाळेस जाणाऱ्या गाडीस ही विकत घेतलेली शक्ति मानवते कीं नाहीं, हा आज घरोघर चालणारा वाद; परंतु त्याच्या निर्णयास लागणारा पुरावा या शंभर वर्षांच्या इतिहासांत पुरेसा सांपडतो. तो वाचकांपुढें मांडावा असा आमचा विचार आहे.

फोर्डची ‘मॉडेल टी’ ही गाडी 1908 च्या ऑक्टोबरांत विक्रीस आली आणि 1927 च्या मे महिन्यापर्यंत तिचे दीड कोटीहून अधिक नग निघाले. तिचें एंजिन 177 घनइंचांचें, शक्ति अवघी 20 अश्वांची आणि वेग ताशीं 40 ते 45 मैल. आज हे आंकडे ऐकून हसूं येतें. परंतु त्या गाडीचा प्रत्येक भाग याच आंकड्यांच्या बेताचा होता, ही गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. एंजिनास तेल पुरविण्यासाठीं पंप नव्हता. गतिचक्र फिरतां फिरतां जें तेल उडवी त्यावरच सारें वंगण चाले. अगदीं पहिले कांहीं नग सोडले तर पाणी खेळविण्यासहि पंप नव्हता. तापलेलें पाणी वर चढतें व निवलेलें खालीं उतरतें या निसर्गाच्या नियमावर फोर्डनें भिस्त ठेविली होती. क्रँकशाफ्ट बारीक व लांब, आणि तो पेलावयास तीनच बेअरिंग. त्या काळचें पेट्रोल हलकें मिळे, म्हणून सिलिंडरांतील मिश्रण सुमारें चौथ्या हिश्शापर्यंतच दाबलें जाई. ब्रेकची व्यवस्था तर आजच्या चालकास चमत्कारिक वाटेल. पायाखालचा ब्रेक चाकांवर चालतच नसे. तो गियरपेटींतील एका पिंपास पट्ट्यानें आवळी. मागच्या दोन चाकांवरचे लहानसे ब्रेक हातानें ओढावयाचे, आणि ते मुख्यतः उभी गाडी घसरूं नये म्हणून.

या गाडीचें मोठें दुखणें चढावर कळे. पुढें जाण्यास गियर दोनच, व दोहोंतील अंतर फार. शिवाय पेट्रोलाची टांकी बसावयाच्या बैठकीखालीं असल्यामुळें व पेट्रोल आपल्या वजनानेंच एंजिनाकडे वाहत असल्यामुळें, टांकी रिकामी होत आली असतां उभ्या चढावर तें एंजिनापर्यंत पोंचत नसे. मग लोक गाडी वळवून उलटी चढवीत. अशा गाडीस सुधारणा विकणारे न निघते तरच नवल. टपालानें माल धाडणाऱ्या सीअर्स रोबकसारख्या मोठ्या दुकानांच्या सूचीपुस्तकांत फोर्डच्या उपकरणांचीं पानेंच्या पानें भरलेलीं असत. यांतील पुष्कळ वस्तु निरुपद्रवी व कांहीं खरोखरच उपयोगी होत्या.

यांत एक फार शहाणपणाची वाटणारी वस्तु म्हणजे दुय्यम गियर. कोणी ती मूळ गियरपेटीच्या मागें बसवीत. रकस्टेल नांवाचा दोन गतींचा मागचा आंस तर फोर्डच्या विक्रेत्यांकडेच मिळे. दोनाचे चार गियर झाले, चढ सोपा झाला, ओझ्याची गाडी हलूं लागली. शर्यतीशीं कांहीं संबंध नसलेल्या, सरळ संसारी माणसानें घ्यावी अशी ही वस्तु. पण पायाचा ब्रेक कोठें होता हें वाचकांनीं आतां आठवावें. तो होता मूळ गियरपेटींत. म्हणजे चाकें आणि ब्रेक यांच्या मधोमध ही नवी वस्तु येऊन बसली. गियर बदलतांना ती दोन्ही गतींच्या मध्यें अडकून मोकळी राहिली कीं चाकांचा एंजिनाशीं संबंध तुटे, आणि त्याच क्षणीं पायाच्या ब्रेकशींहि तुटे. उतारावर पाय पूर्ण दाबलेला आहे आणि गाडी मात्र वाढत्या वेगानें खालीं चालली आहे! हाताशीं उरत ते मागचे लहानसे ब्रेक, आणि ते अशा कामासाठीं केलेलेच नव्हते. म्हणून जाणते लोक दुय्यम गियर बसविण्यापूर्वीं मागच्या चाकांवर बाहेरून आवळणारे निराळे ब्रेक बसवीत. ते ‘रॉकी माउंटन’ या नांवानें विकले जात. जुन्या फोर्ड गाड्या हौसेनें जतन करणारी मंडळी आजहि नवख्यास हीच सूचना प्रथम देतात.

आम्हांस हें उदाहरण फार बोधक वाटतें तें एवढ्यासाठीं कीं, येथें शक्ति वाढलेली नाहीं, वेगाचा हव्यास नाहीं, विकणारा लबाड नाहीं आणि वस्तुहि खोटी नाहीं. केवळ एका भागांत बदल केला व त्याच्यावर विसंबलेला दुसरा भाग तसाच राहिला. मग ज्यांनीं जाणूनबुजून शक्ति वाढविली त्यांची काय गति झाली?

लुई शेव्हरोले याचें नांव आज ज्या गाडीवर आहे ती कंपनी त्यानें 1911 मध्यें ड्युरंट याच्या भागींत काढली व लौकरच सोडली. पुढें भावांसह ‘फ्रॉन्टेनॅक’ या नांवानें तो शर्यतीच्या गाड्या करूं लागला. त्यांतून ज्या फोर्डशीं त्याच्या नांवाची गाडी बाजारांत झगडत होती, त्याच फोर्डच्या एंजिनास बसणारीं नवीं ‘हेडें’ विकण्याचा उद्योग निघाला. दैवगति विचित्र खरी. या हेडांत झडपा सिलिंडरच्या बाजूस नसून माथ्यावर असत. त्यामुळें एंजिनाचा श्वास मोकळा होई व शक्ति पुष्कळ वाढे. 1923 च्या इंडियानापोलिस येथील 500 मैलांच्या शर्यतींत अशा ‘फ्रॉन्टी-फोर्ड’ गाडीनें ताशीं सरासरी 82 मैलांहून अधिक वेग राखून पांचवा क्रमांक पटकाविला. शेतकऱ्याच्या गाडीच्या वंशांतील एंजिनानें केलेला हा पराक्रम ऐकून किती तरुणांनीं खिसे चांचपले असतील याची कल्पना करतां येते.

परंतु शर्यतीच्या वर्तुळांत सगळ्या गाड्या एकाच दिशेनें धांवतात, समोरून बैलगाडी येत नाहीं, आणि ब्रेकचें काम जवळजवळ नसतें. शिवाय तें एंजिन शर्यतीपुरतें जगावयाचें; एरवीं तें खोलून पुन्हां जोडावयास मनुष्यें हजर. फ्रॉन्टेनॅकवाल्यांना हें पक्कें ठाऊक होतें, म्हणून रोजच्या गाडीचें हेड निराळें व शर्यतीचें निराळें असे प्रकार ते करीत. गिऱ्हाईक मात्र नेहमीं वरचाच प्रकार मागतो. मग उडणाऱ्या तेलावर जगणारीं बेअरिंगें जळत आणि तो बारीक क्रँकशाफ्ट मोडे.

मिश्रण अधिक दाबलें कीं हलकें पेट्रोल अवेळीं पेटून एंजिनांत ठोके पडतात, हीहि एक अडचण होती. ती 1923 मध्यें पेट्रोलांत शिशाचें संयुग मिसळून दूर केली गेली. हें औषध पुढें सगळ्या जगाच्या रक्तांत उतरलें, आणि तें पेट्रोलांतून पुरतें काढून टाकण्यास 2021 साल उजाडावें लागलें. तो इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

1932 मध्यें फोर्डनें आठ सिलिंडरांचें ‘व्ही-8’ एंजिन सामान्य माणसाच्या गाडींत आणलें. त्याची शक्ति 65 अश्वांची. दोन वर्षांत ती 85 झाली. दक्षिण कॅलिफोर्नियांतील तरुणांच्या हातीं हें एंजिन पडलें तेव्हां या विद्येस खरा बहर आला. लॉस एंजेलिसच्या पलीकडे मोहावे वाळवंटांत म्युरॉक, रोझमंड, एल मिराज अशीं आटलेलीं सरोवरें आहेत. त्यांचा तळ मैलोगणती सपाट. तरुण आठवडाभर ज्या गाडींतून कामावर जात तीच रविवारीं तेथें नेत. चिखलपंखे, दिवे, कांच काढून ठेवावयाचीं, वेग मोजून घ्यावयाचा, आणि सर्व पुन्हां जोडून संध्याकाळीं घर गांठावयाचें. 1937 मध्यें या मंडळींनीं आपली संस्थाहि स्थापिली. व्हिक एडेलब्रॉक हा यांतलाच एक मेकॅनिक. त्यानें आपल्या 1932 च्या फोर्डसाठीं दोन कार्ब्युरेटर बसतील अशी नळी ओतविली आणि 1941 मध्यें रोझमंड येथें ताशीं 121 मैलांचा वेग गांठला. पुढें याच नळीवर मोठा कारखाना उभा राहिला.

आमच्या विषयास हा अध्याय सर्वांत महत्त्वाचा आहे. कारण येथें रोजची गाडी आणि शर्यतीची गाडी अक्षरशः एकच होती. मग तिचें कसें काय चाले? फोर्डच्या त्या एंजिनांत जळलेला वायु बाहेर जाण्याचे मार्ग सिलिंडरांच्या ओतिवांतून, पाण्याच्या कोठींतून काढलेले होते, त्यामुळें तें मुळांतच तापट. शक्ति वाढविली कीं उष्णताहि वाढे; सरोवरावर मिनिटभर धांवण्यास तें चाले, पण शहरांतील गर्दींत पाणी उकळूं लागे. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट बदलून त्या अधिक वेळ उघड्या ठेविल्या तर एंजिन भरवेगांत जोर करतें, परंतु मंद चालीवर गचके देतें. कारण हलक्या वेगांत येणारा व जाणारा वायु एकमेकांत मिसळूं लागतो. रोजच्या गाडीचें आयुष्य तर याच मंद चालींत जातें. विकलेली शक्ति जेथें मिळते तेथें संसारी चालक महिन्यांतून एकदांहि पोंचत नाहीं, आणि जेथें तो सदैव असतो तेथें त्याची मूळची शक्तिहि कमी झालेली असते.

ब्रेकची गोष्ट पुन्हां आलीच. फोर्डनें तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक 1939 च्या गाड्यांत आणले; तोंवर सळयांनीं ओढले जाणारे ब्रेक होते. गाडी थांबण्यास लागणारें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. 40 मैलांच्या जागीं 60 झाले तर अंतर दीडपट होत नाहीं, सव्वादोनपट होतें. कॅलिफोर्नियांतील जाणत्यांनीं हें ओळखून नव्या फोर्डचे तेलाचे ब्रेक आपल्या जुन्या गाड्यांस बसविण्याचा परिपाठ ठेविला. ज्यांनीं ठेविला नाहीं त्यांच्या रस्त्यावरील शर्यतींमुळें ‘हॉट रॉड’ हा शब्द शिवीसारखा झाला. 1951 मध्यें वॉली पार्क्स व त्याच्या सहकाऱ्यांनीं निराळी राष्ट्रीय संस्था काढली ती हीं धांवणीं रस्त्यावरून उठवून नियमांच्या चौकटींत आणण्यासाठीं. हळूहळू शर्यतीची गाडी दुसऱ्या गाडीमागें बांधून नेण्याची चाल पडली. ज्यांना ही विद्या सर्वांत अधिक येत होती त्यांनींच दोन कामांसाठीं दोन गाड्या केल्या, हें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें.

तर मग रोजच्या गाडीस शक्तीची वाढ कधींच मानवली नाहीं काय? मानवली, आणि तें उदाहरण विलायतेंतलें आहे. अलेक इसिगोनिस यानें रचलेली ‘मिनी’ 1959 मध्यें निघाली. 848 घन सेंटिमीटरचें एंजिन, 34 अश्व. शर्यतीच्या गाड्या करणारा जॉन कूपर तिच्या वळणावरील स्थैर्यावर लुब्ध झाला व हिची वेगवान आवृत्ति काढा म्हणून मागें लागला. इसिगोनिस राजी नव्हता. त्याची गाडी सामान्य कुटुंबासाठीं होती. अखेर कंपनीचे प्रमुख जॉर्ज हॅरिमन यांनीं संमति दिली आणि 1961 मध्यें ‘मिनी कूपर’ बाहेर पडली. एंजिन 997 घन सेंटिमीटरचें झालें, कार्ब्युरेटर दोन झाले, अश्व 55 झाले. आणि त्याच दिवशीं पुढच्या चाकांना 7 इंची डिस्क ब्रेकहि आले. ते अपुरे ठरले, तेव्हां 1963 च्या अधिक वेगवान ‘कूपर एस’ गाडींत ते मोठे व जाड करून त्यांस जोर देणारें साहाय्यक यंत्र जोडलें गेलें. या गाडीनें 1964, 1965 व 1967 या वर्षीं माँटे कार्लोची शर्यत जिंकली, आणि तिचीं भावंडें लंडनच्या रस्त्यांवरून भाजी आणावयासहि जात राहिलीं. इसिगोनिसची शंका अस्थानीं होती असें म्हणवत नाहीं. ती होती म्हणूनच बहुधा कूपरला सगळी गाडी नव्यानें विचारांत घ्यावी लागली.

आज कार्ब्युरेटर गेला आहे. पेट्रोल किती सोडावें, ठिणगी केव्हां पाडावी, टर्बोनें हवा किती कोंबावी हें संगणक ठरवितो, आणि त्यांतील आंकडे बदलले कीं पाना न लावतां शक्ति वाढते. विकणारा सांगतो कीं कंपनीनें ही शक्ति उगाच दाबून ठेविली होती. आमच्या मतें हें अर्धसत्य आहे. कंपनी शिल्लक ठेवते ती भेसळीच्या पेट्रोलासाठीं, मे महिन्याच्या उन्हासाठीं, तेल बदलण्याची तारीख विसरणाऱ्या मालकासाठीं, पांच माणसें व टपावर सामान घेऊन कसारा घाट चढणाऱ्या गाडीसाठीं. ही शिल्लक म्हणजेच रोजची गाडी. ती काढून घेतली तर गियरपेटी, क्लच व ब्रेक यांना हिशेब द्यावा लागतो. हमी व विमा यांचे तंटे निराळेच. चांगले टायर, चांगले ब्रेक, स्वच्छ दिवे यांवर खर्च करणाऱ्यास मात्र आम्ही कधींहि नाउमेद करणार नाहीं. मात्र तेहि कंपनीनें ठरविलेल्या मापाचेच असावे.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ रुचीचा राहिलेला नाहीं. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 52 वें कलम नोंदणींत लिहिलेल्या मूळ वर्णनास बाधक फेरफार करूं देत नाहीं. 2019 च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें केरळांतील एका प्रकरणांत तेंच स्पष्ट केलें, आणि त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अशा मालकास प्रत्येक फेरफाराबद्दल 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. गॅसवर गाडी चालविण्याची मान्यताप्राप्त सामग्री बसविण्यास कायद्याची मुभा आहे. आणि तिनें एंजिनाची शक्ति थोडी कमीच होते.