स्थानिक स्वराज्य संस्थांचे अभिलेख आणि इतिहास संशोधन : महाराष्ट्राच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना :

इतिहास लेखनात साधनांना अनन्यसाधारण महत्त्व आहे. महाराष्ट्रात इतिहास संशोधनाची परंपरा समृद्ध असली तरी या परंपरेचा भर प्रामुख्याने राजकीय घराण्यांची दप्तरे, सनदा, बखरी व पत्रव्यवहार यांवर राहिला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि १९१० मध्ये पुणे येथे भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. गावोगावची जुनी कागदपत्रे मिळविणे हे संशोधकाचे आद्य कर्तव्य होय, ही जाणीव या पिढीने निर्माण केली. मात्र नगरपालिका, लोकल बोर्ड, ग्रामपंचायत व जिल्हा परिषद या संस्थांच्या कचेऱ्यांत गेल्या दीडशे वर्षांत साठत गेलेले कागद इतिहासाचे साधन म्हणून आजही दुर्लक्षित आहेत. पदवी व पदव्युत्तर वर्गांसाठी 'स्थानिक इतिहास' हा विषय दिला जातो. परंतु विद्यार्थी गॅझेटिअर व स्मरणिका यांच्यापलीकडे क्वचितच जातो. याचे कारण केवळ अनास्था हे नसून, कागद कोठे आहे आणि तो कसा मागावा याविषयीचे अज्ञान हेही आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टिकोनातून विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. महाराष्ट्रातील स्थानिक अभिलेखांच्या ताब्याचा व उपलब्धतेचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अभिलेखांचे साधनमूल्य स्पष्ट करणे.
३. अभिलेख शोधण्याच्या व मागण्याच्या कायदेशीर मार्गांचा संशोधकाच्या दृष्टीने विचार करणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक संशोधन पद्धतीचा अवलंब केला असून संबंधित अधिनियम व दुय्यम साधने यांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

१. वतनदाराचे दप्तर ते सरकारी कचेरी

पूर्वी गावाचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. जमिनीची मोजणी, वसूल, देणे-घेणे यांच्या नोंदी मोडी लिपीत होत आणि त्या रुमालात बांधून ठेवल्या जात. हे दप्तर गावाच्या कारभाराचे असले तरी वतन वंशपरंपरागत असल्याने व्यवहारात ते घराण्याची मालमत्ता ठरे. ज्याला अक्षरओळख नाही त्या कुणब्याला आपल्याच नावावर काय लिहिले आहे हे समजण्याचा मार्ग नव्हता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ च्या सुमारास 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात शेतकऱ्याच्या अज्ञानाचा व कागदोपत्री होणाऱ्या नाडणुकीचा प्रश्न ऐरणीवर आणला तो या पार्श्वभूमीवर. कागदावरील सत्ता ही सामाजिक सत्तेचे एक रूप होते, हे यावरून दिसून येते.

ब्रिटिश राजवटीत हे कागद हळूहळू सरकारकडे गेले. १८५२ च्या इनाम कमिशनच्या कायद्यामुळे जमिनीच्या हक्कांचे पुरावे तपासणीसाठी गोळा झाले. १९०३ च्या मुंबई कायद्याने हक्कनोंदणीची पद्धत आणली. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली आणि पगारी तलाठी हा गावदप्तराचा ताबेदार बनला. दप्तर घरातून कचेरीत आले. परंतु कचेरीत आले म्हणजे लोकांना खुले झाले असे नव्हे. पेशवे दप्तराचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. पुण्यातील हे प्रचंड दप्तर सरकारच्या ताब्यात असूनही अभ्यासकांना दीर्घकाळ त्यात मुक्त प्रवेश नव्हता. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, तेव्हा कोठे त्याची संपत्ती अभ्यासकांपुढे आली.

२. स्थानिक स्वराज्य संस्था व त्यांचे कागद

१८५० च्या कायद्यानुसार अनेक शहरांत नगरपालिका स्थापन झाल्या. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर, १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला. १९०१ चा जिल्हा नगरपालिका कायदा, १९२० व पुढे १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आणि १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम हे या प्रवासातील पुढील टप्पे होत. प्रत्येक टप्प्यावर नव्या नोंदवह्या निर्माण झाल्या. सभेचे इतिवृत्त, ठरावांची नोंदवही, अंदाजपत्रक, कर आकारणीची यादी, जन्म-मृत्यूची नोंदवही, शाळेचे जनरल रजिस्टर हे त्यांपैकी प्रमुख होत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील घरांच्या नोंदी पाहिल्यास गावाची वस्ती कशी वाढली, कच्ची घरे पक्की केव्हा झाली, कोणत्या घरात कोणाचे नाव मालक म्हणून लागले, याचा आलेख मिळू शकतो. गावाचा सामाजिक इतिहास लिहिण्यास याहून जवळचे साधन नाही.

या अभिलेखांचे मोल पुणे नगरपालिकेच्या एका प्रसंगावरून लक्षात येते. महात्मा फुले हे १८७६ पासून काही वर्षे या नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला असता त्यांनी एकट्याने विरोध केला. ही रक्कम शिक्षणासाठी खर्चावी अशी त्यांची भूमिका होती. सभेतील असा एकाकी विरोध पुढील पिढ्यांसाठी टिकतो तो सभेच्या कामकाजाची नोंद झाल्यामुळेच.

३. महाडचा ठराव : अभिलेखाची शक्ती व मर्यादा

स्थानिक अभिलेखाचे सर्वांत ठळक उदाहरण महाड नगरपालिकेचे होय. मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात मात्र तीन वर्षे कोणीही अस्पृश्य तेथे पाणी भरू शकला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २० मार्च १९२७ रोजी जो सत्याग्रह झाला, त्याने या कागदावरील हक्काला कृतीचे रूप दिले. त्यानंतर सनातनी मंडळींच्या दबावाखाली नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला ठराव मागे घेतला. डिसेंबर १९२७ मध्ये काही स्पृश्य रहिवाशांनी दिवाणी दावा दाखल केला. तळे खासगी मालकीचे की नगरपालिकेचे, आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादी काळापासूनची वहिवाट होती काय, हे वादाचे मुख्य मुद्दे होते. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी अशी वहिवाट सिद्ध होत नाही, असा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने दिला.

या घटनाक्रमातून संशोधकास दोन गोष्टी शिकता येतात. पहिली, नगरपालिकेच्या वहीतील एक ठराव हा मोठ्या सामाजिक संघर्षाचा आधार ठरू शकतो. दुसरी, केवळ ठराव वाचून इतिहास लिहिल्यास तो खोटा ठरण्याचा संभव असतो. जानेवारी १९२४ चा ठराव पाहून तळे खुले झाले असे विधान कोणी केले, तर ते वस्तुस्थितीस धरून होणार नाही. ठरावासोबत त्याची अंमलबजावणी, त्यानंतरचा पत्रव्यवहार, खर्चाच्या नोंदी आणि ठराव रद्द झाल्याची नोंद हे सर्व कागद एकत्रित वाचणे आवश्यक ठरते. म्हणूनच एखादा सुटा कागद नव्हे, तर संपूर्ण संचिका पाहण्याचा हक्क संशोधकास महत्त्वाचा असतो.

४. मागण्याचा हक्क : १८७२ ते २००५

भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ७६ अन्वये सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित प्रत फी भरून मिळण्याची तरतूद होती. आज तशी तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये आहे. परंतु जो दस्तऐवज पाहण्याचा हक्क आहे त्याचीच प्रत मिळे. पाहण्याचा सर्वसाधारण हक्क त्यात नव्हता. दुसरीकडे १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाने गोपनीयता हाच कारभाराचा नियम बनविला.

ही चौकट बदलण्याची खरी सुरुवात गावपातळीवरील कागदांच्या मागणीतूनच झाली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. राजस्थानात १९९० मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने दुष्काळी कामांची हजेरीपत्रके व खर्चाच्या पावत्या मागितल्या आणि १९९४ पासून जनसुनवाईत त्या गावापुढे वाचून दाखविल्या. मृत वा गाव सोडून गेलेल्या व्यक्तींच्या नावे मजुरी लिहिल्याचे उघड झाले. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर, २००० सालच्या अपुऱ्या कायद्याच्या जागी २००२ चा माहितीचा अधिकार कायदा आला. केंद्रीय माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णतः अंमलात आला.

संशोधकाच्या दृष्टीने या अधिनियमातील पुढील तरतुदी महत्त्वाच्या आहेत. कलम २(ञ) नुसार माहितीच्या अधिकारात केवळ प्रती मिळविणे नव्हे, तर अभिलेखाची पाहणी करणे व टिपणे घेणे यांचाही समावेश होतो. कलम ६(२) नुसार अर्जदाराने कारण सांगण्याची आवश्यकता नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेल्यास कलम ६(३) नुसार तो पाच दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठविणे बंधनकारक आहे. माहिती ३० दिवसांत द्यावयाची असून, न मिळाल्यास वा असमाधान असल्यास ३० दिवसांच्या आत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांच्या आत आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

इतिहासाच्या अभ्यासकाला सर्वांत उपयुक्त तरतूद कलम ८(३) ही आहे. वीस वर्षांपूर्वी घडलेल्या घटनेविषयीची माहिती, राष्ट्राची सुरक्षितता, विधिमंडळाचा विशेषाधिकार व मंत्रिमंडळाची कागदपत्रे हे अपवाद वगळता, नाकारता येत नाही. वैयक्तिक माहितीविषयीच्या कलम ८(१)(ञ) मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने बदल करून हा अपवाद अधिक व्यापक केला आहे. अशा स्थितीत कलम ८(३) चे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

अर्ज कसा करावा, यालाही पद्धत आहे. महाराष्ट्राच्या २००५ च्या नियमांनी अर्जासाठी दहा रुपये व प्रतीसाठी पृष्ठास दोन रुपये असे शुल्क ठरविले. पाहणीचा पहिला तास निःशुल्क ठेवला. २०१२ च्या दुरुस्तीने अर्ज एका विषयापुरता व १५० शब्दांच्या मर्यादेत असावा असे घातले. कार्यालयाने ताब्यातील माहिती द्यावयाची असते. नवी माहिती तयार करावी वा कारणमीमांसा करावी अशी अपेक्षा कायद्यात नाही. त्यामुळे 'गावातील पाणीपुरवठ्याचा इतिहास द्यावा' असा अर्ज निष्फळ ठरतो. 'अमुक ते अमुक वर्षांच्या ठराव नोंदवह्यांची पाहणी करू द्यावी' हा अर्ज फलदायी ठरतो. प्रथम पाहणी, नंतर निवडक पृष्ठांच्या प्रती हा क्रम संशोधकास सोयीचा आहे.

५. शोधण्यातील अडचणी

मागण्यापूर्वी कागद कोणाकडे आहे हे ठाऊक असावे लागते, आणि येथेच खरी अडचण आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आजच्या महाराष्ट्राचे भाग मुंबई इलाखा, हैदराबाद संस्थान आणि मध्य प्रांत व वऱ्हाड अशा भिन्न प्रशासनांखाली होते. लोकल बोर्ड व विदर्भातील जनपद सभा यांचा वारसा १९६२ नंतर जिल्हा परिषदांकडे आला. ज्या संस्थेने कागद लिहिला ती संस्थाच आज अस्तित्वात नाही, अशी स्थिती अनेकदा असते. मराठवाड्यातील जुने अभिलेख उर्दूत, तर पश्चिम महाराष्ट्रातील मोडीत आढळतात. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे (निवृत्त) यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा महसुली कागद, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या व शाळांची रजिस्टरे तपासण्यात आली आणि मोडी व उर्दू वाचकांची निकड सर्वांच्या लक्षात आली. जुन्या नोंदवहीवर आजच्या पिढीचे शिक्षण व नोकरी अवलंबून असू शकते, हे या निमित्ताने स्पष्ट झाले.

दुसरी अडचण नाशाची आहे. कार्यालयीन वर्गीकरणानुसार 'अ' वर्गाचे कागद कायम, 'ब' वर्गाचे ३० वर्षे, 'क' वर्गाचे १० वर्षे, तर 'ड' वर्गाचे एक वर्ष जतन करावयाचे असतात. हे वर्गीकरण प्रशासकीय गरजेतून झालेले आहे. पाणीटंचाईविषयी एखाद्या वस्तीने दिलेला तक्रार अर्ज प्रशासनाच्या दृष्टीने अल्पकालीन कागद असतो. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने तोच बहुमोल असतो. अनेकदा 'अभिलेख आढळून येत नाही' असे उत्तर मिळते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अभिलेख सापडत नसल्याच्या सबबीवर माहिती नाकारता येणार नाही, कार्यालयाने कसून शोध घेऊन जबाबदारी निश्चित करावी, अशी भूमिका घेतली. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ ने अभिलेखांच्या बेकायदेशीर नाशासाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली असून, महाराष्ट्रानेही २००५ चा स्वतःचा सार्वजनिक अभिलेख कायदा केला आहे. तथापि शिक्षेच्या भीतीने हरवलेली वही परत येत नाही.

निष्कर्ष :

१. महाराष्ट्रात गावदप्तराचा ताबा वतनदाराकडून शासनाकडे गेला. परंतु सामान्य नागरिकास ते पाहण्याचा व्यापक हक्क एकविसाव्या शतकातच मिळाला.
२. स्थानिक स्वराज्य संस्थांचे अभिलेख हे सामाजिक इतिहासाचे प्रथम दर्जाचे साधन होय. मात्र महाडच्या उदाहरणावरून दिसते त्याप्रमाणे ठराव व अंमलबजावणी यांचे कागद एकत्र तपासणे अपरिहार्य आहे.
३. माहितीचा अधिकार अधिनियमातील पाहणीचा हक्क व कलम ८(३) यांचा इतिहास संशोधनासाठी अधिक उपयोग होणे आवश्यक आहे.
४. कलम ४(१)(क) नुसार अभिलेखांची सूची करणे हे प्रत्येक कार्यालयाचे कर्तव्य आहे. सूचीअभावी मागण्याचा हक्क दुबळा ठरतो, कारण जे आहे हेच ठाऊक नाही ते मागता येत नाही.
५. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मोडी प्रशिक्षण वर्ग सुरू करून, जवळच्या ग्रामपंचायतीच्या व नगरपालिकेच्या संमतीने जुन्या नोंदवह्यांच्या सूची विद्यार्थ्यांकडून तयार करून घ्याव्यात. राजवाड्यांच्या पिढीने वाड्यांतील दप्तरे वाचविली. कचेऱ्यांच्या अडगळीतील दप्तरे वाचविण्याची जबाबदारी आजच्या अध्यापकांवर येऊन पडली आहे. ती वेळीच न स्वीकारल्यास पुढील संशोधकाच्या हाती केवळ 'अभिलेख आढळून येत नाही' हे उत्तरच साधन म्हणून उरेल.