परळची पेट मशीन आणि कोल्हापूरकराचं गणित
मराठवाड्यात कर्करोगाचं निदान झालं की वर्षानुवर्षं एकच सल्ला मिळायचा, 'टाटाला न्या.' संभाजीनगरचं (पूर्वीच्या औरंगाबादचं) शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांची 'घाटी', १९५६ सालची. तिच्या जोडीला स्वतंत्र कर्करोग रुग्णालय उभं राहिलं ते २०१२ मध्ये.

टाटा म्हणजे मुंबईचं टाटा कर्करोग रुग्णालय. परळला त्याच्या ॲनेक्स इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिलं पेट स्कॅनर तिथे २००२ मध्ये आलं. पेट तपासणीत रुग्णाला किरणोत्सारी द्रव्याचं इंजेक्शन देतात. ते सायक्लोट्रॉनमध्ये बनतं आणि सायक्लोट्रॉन जवळपास हवं, कारण इंजेक्शनातलं फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. मुंबईहून संभाजीनगरला सहा तासांनी पोचलं, तर जेमतेम दहावा हिस्सा हाती लागणार.

पेटचं चित्र फोटोसारखं 'काढता' येत नाही. शरीरातून निघालेले किरण मोजायचे आणि ते कुठून निघाले असतील हे ताडायचं. सीटीसाठी जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ मध्ये झटपट रीत दिली होती. त्यांच्या नावाचा 'राम-लॅक' फिल्टर आजही प्रचलित आहे. पेटमध्ये मात्र मोजणीच तुटपुंजी. त्या रीतीने चित्रावर रेघोट्या उमटतात.

१९८२ मध्ये शेप आणि वार्डी यांनी वेगळी वाट धरली. संगणक आधी एक अंदाजी चित्र मांडतो. ते खरं असतं तर कुठल्या डिटेक्टरवर किती किरण आले असते, हे काढतो. प्रत्यक्ष आकड्यांशी ताळा करतो, त्या प्रमाणात चित्र दुरुस्त करतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. हे फार वेळखाऊ होतं. १९९४ मध्ये हडसन आणि लार्किन यांनी मोजणीचे गट पाडून एकेका गटावर दुरुस्ती करायची युक्ती काढली, तेव्हा कुठे ही रीत दवाखान्यात परवडू लागली.

या रीतीचा पाया म्हणजे संख्याशास्त्रातलं 'मॅक्झिमम लाइकलिहुड': हाती आलेले आकडे ज्या उत्तरामुळे मिळण्याची शक्यता सर्वाधिक, ते उत्तर धरायचं. या तत्त्वावर १९४८ मध्ये महत्त्वाचा निबंध लिहिला कोल्हापूरच्या वसंत शंकर हुजूरबाजार यांनी. निरीक्षणं वाढत गेली की या तत्त्वातून येणाऱ्या समीकरणाचं सत्याकडे नेणारं उत्तर एकच असतं, हे त्यांनी सिद्ध केलं. पुढे पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनीच उभारला. स्कॅनरशी त्यांचा थेट संबंध नव्हता. पण स्कॅनरवाल्यांनी ज्या तत्त्वावर भिस्त ठेवली, त्याची पारख करणाऱ्यांत हा मराठी माणूस होता, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

दुरुस्तीचे फेरे किती घेतले, चित्र किती गुळगुळीत केलं, यावरून गाठीत किती द्रव्य साठलं याचा आकडा बदलू शकतो. म्हणून उपचारांआधीचा आणि नंतरचा पेट-सीटी शक्यतो एकाच मशीनवर करून घ्यावा, आणि जागा बदलावीच लागली तर नुसता रिपोर्ट नव्हे, जुन्या तपासणीची सीडीही सोबत न्यावी.