इंडोनेशियातून फौज परत बोलवा!

आमच्या कर्जत-खालापूरकडे स्वातंत्र्यलढा म्हटला की भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ही नावे आधी ओठांवर येतात. मुंबईला वीज नेणारे मनोरे त्यांच्या आझाद दस्त्याने पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर दोघे हुतात्मा झाले. ज्या युद्धासाठी ती वीज राबत होती, त्याच युद्धात राबलेल्या खलाशांनी तीन वर्षांनी बंड केले.

१८ फेब्रुवारी १९४६. मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन शाळेत खलाशांनी सकाळचे जेवण नाकारले. निकृष्ट अन्न, तुटपुंजा पगार, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. मला मोठी वाटते ती वेगळीच मागणी: इंडोनेशियातून हिंदी फौज परत बोलवा. जपान शरण गेला होता. डचांची सत्ता तिथे परतावी म्हणून १९४५च्या अखेरीस सुराबायात आपले जवान लढत होते, त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचेही होते. आपण गुलाम, आणि दुसऱ्याला गुलाम ठेवायला बंदूकही आपलीच! अंगावर गणवेश असताना हे बोलायला छाती लागते.

संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग. काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट, तिन्ही झेंडे जहाजांवर एकत्र चढले. पुढच्याच वर्षीची फाळणी आठवली की इथे माझा आवाज अडखळतो. सरदार पटेल आणि जीना, दोघांनीही शरण जाण्याचा सल्ला दिला. २३ फेब्रुवारीला खलाशांनी तो मानला. बडतर्फ झालेल्यांना पुढे ना भारताच्या नौदलाने परत घेतले, ना पाकिस्तानच्या.