दाढेचे भय : एका प्रतीक्षेचा इतिहास

आपल्या जुन्या मराठी घरांतून दाढदुखीस आजार मानण्याची पद्धत फारशी नव्हती. ज्वर आला तर डॉक्टर. दाढ ठणकली तर मात्र लवंग, तुरटीच्या गुळण्या आणि सहनशीलता. आजही चित्र फारसे पालटलेले नाही. मुलांच्या परीक्षा आटोपू देत, लग्नसराई संपू दे, पाहुणे परत जाऊ देत, अशा सबबींवर दंतवैद्याची भेट पुढे पुढे ढकलली जाते. घरातील कर्त्या स्त्रीची दाढ तर सर्वांच्या शेवटी. या सबबी खोट्या असतात असे नव्हे. परंतु पुष्कळदा त्यांच्या आड भय दडलेले असते. हे भय आले कोठून आणि वेदना हटल्यावरही ते का टिकले, याचा इतिहास उद्बोधक आहे.

पूर्वीच्या काळी हे भय सर्वस्वी साधार होते. सुश्रुताने शस्त्रांच्या यादीत ‘दंतशंकू’ सांगितला आहे. शस्त्रकर्मापूर्वी रोग्यास भोजन द्यावे व मद्याची सवय असणाऱ्यास मद्य पाजावे, असेही तो सांगतो. मात्र मुखरोगात शस्त्रकर्म उपाशीपोटीच करावे, असा अपवाद करतो. म्हणजे दुःख हलके करण्याचा विचार त्याही काळी होता, पण साधन तोकडे होते. युरोपातही दात उपटण्याचे काम न्हावी व जत्रेतले फिरते दातकाढे करीत. पिएर फोशार या फ्रेंच शल्यकाने १७२८ साली दंतवैद्यकावर द्विखंडात्मक ग्रंथ लिहून या कामास शास्त्राची बैठक दिली. परंतु वेदना होती तेथेच राहिली.

पुढील कथा विलक्षण आहे. शस्त्रक्रियेतील वेदनेवर पहिले मोठे आघात केले ते दंतवैद्यांनी. १० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड गावी नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हास्यवायू हुंगवून लोकांची करमणूक करण्याचा एक खेळ झाला. वायूच्या अमलाखाली धावताना एका तरुणाच्या पायास जखम झाली आणि त्यास ती जाणवलीही नाही. प्रेक्षकांतील होरेस वेल्स या दंतवैद्याने ते हेरले आणि दुसऱ्याच दिवशी तो वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. १८४५ च्या जानेवारीत बॉस्टन येथे त्याने जाहीर प्रयोग केला. रोगी मध्येच ओरडला, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि वेल्स खचला. १८४८ साली न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने आत्महत्या केली.

त्याचा पूर्वीचा भागीदार विल्यम मॉर्टन याने ईथर निवडले. ३० सप्टेंबर १८४६ च्या सायंकाळी ईबेन फ्रॉस्ट नावाचा गृहस्थ दाढदुखीने हैराण होऊन त्याच्याकडे आला. दात काढण्याच्या भीतीने त्याने आपणास संमोहित करावे अशी विनंती केली. मॉर्टनने ईथर हुंगवून त्याची दाढ काढली. पंधरवड्यानंतर, १६ ऑक्टोबर रोजी, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात याच ईथरखाली मानेवरील गाठीची शस्त्रक्रिया झाली आणि आधुनिक भूलशास्त्राचे युग सुरू झाले. या युगाच्या उंबरठ्यावर एक भ्यालेला दंतरोगी उभा होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१८४७ साली एडिंबरोच्या सिम्पसनने क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. ते हुंगण्यास सोपे, पण अधूनमधून रोगी अकस्मात दगावत. छोट्या शस्त्रक्रियांतही, दंतवैद्याच्या खुर्चीतही. येथे आपल्या हैदराबादचा संबंध येतो. क्लोरोफॉर्मने हृदय थांबते की श्वास, हा वाद मिटविण्यासाठी रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने व सहावे निजाम महबूब अली खान यांच्या द्रव्यसाहाय्याने १८८८ व १८८९ साली दोन आयोग नेमले गेले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. जगातील आद्य स्त्री भूलतज्ज्ञांत गणल्या जाणाऱ्या रूपाबाई फर्दुनजी यांचाही या कामात सहभाग होता. आयोगाने निर्णय दिला की धोका श्वासाला आहे, हृदयाला नाही. पुढे १९११ साली लेव्ही या इंग्रज संशोधकाने तो निर्णय अपुरा ठरविला. भूल अपुरी असताना शरीरात ॲड्रेनलिन वाढले तर हृदयाची लयच बिघडते, असे त्याने दाखविले. हे ॲड्रेनलिन भीतीमुळेही स्रवते. भय म्हणजे केवळ मनाचा भित्रेपणा नसून ती शरीरात घडणारी क्रिया आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

तोवर दुसरी वाट सापडली होती. १८८४ साली कार्ल कोलर याने कोकेनने डोळा बधिर करून दाखविला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये हॅल्स्टेड याने खालच्या जबड्याची नस बधिर केली. कोकेनच्या व्यसनाची किंमत त्याला स्वतःला मोजावी लागली. १९०५ पासून नोव्होकेन आणि १९४८ पासून लिडोकेन वापरात आले. १९५७ साली हवेच्या दाबावर फिरणारे जलद यंत्र आले आणि पायाने चालविल्या जाणाऱ्या जुन्या यंत्राची ती संथ घरघर इतिहासजमा झाली. म्हणजे वेल्सपासून अवघ्या शंभर-सव्वाशे वर्षांत वेदना बहुतांशी जिंकली गेली.

मग भय का उरले? १९६९ साली नॉर्मन कोरा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ते मोजण्यासाठी चार प्रश्नांची एक मापपट्टी तयार केली. उद्या दंतवैद्याकडे जायचे आहे. आपण बाहेर बसून वाट पाहत आहात. खुर्चीत बसला आहात व यंत्राची तयारी चालू आहे. दात साफ करण्याची हत्यारे मांडली जात आहेत. या चारही प्रसंगी मनाची स्थिती काय असते, एवढेच त्यात विचारले आहे. प्रत्यक्ष वेदनेविषयी एकही प्रश्न नाही! चारही प्रसंग वाट पाहण्याचे आहेत. बधिर करणारे औषध हिरडीपर्यंत पोहोचते. प्रतीक्षेपर्यंत पोहोचत नाही.

आपल्या संसारातील चालढकल येथेच घातक ठरते. भेट पुढे ढकलली की क्षणभर सुटल्यासारखे वाटते, पण प्रतीक्षा मात्र लांबते. दरम्यान लहानशी कीड नसेपर्यंत जाते. जे काम एका बैठकीत झाले असते त्यास चार बैठका लागतात, आणि सूज असलेल्या जागी बधिरतेचे औषधही नीट लागू पडत नाही. मग “मी म्हणतच होते, फार दुखते” असा अनुभव पदरी पडतो आणि तोच नातवंडांच्या कानी जातो. “हट्ट केलास तर दात काढणाऱ्याकडे नेईन” असे वाक्य ज्या घरात उच्चारले जाते, तेथे भय वारशाने दिले जाते.

उपाय साधे आहेत. १९५९ साली ॲडल्स्टन यांनी मुलांसाठी मांडलेली रीत, म्हणजे आधी सांगणे, मग दाखविणे आणि मगच करणे, वडीलधाऱ्यांनाही लागू पडते. आपणास भीती वाटते हे दंतवैद्यास प्रथमच सांगावे. हात वर केला की काम थांबवावे, असा संकेत आधी ठरवून घ्यावा. भेटीची वेळ सकाळची घ्यावी, म्हणजे दिवसभर धास्ती राहत नाही. आणि घरातल्या दिनदर्शिकेवर एकादशी-चतुर्थी पाहताना प्रत्येकाच्या दंततपासणीचीही तारीख लिहून ठेवावी. सर्वांत आधी त्या घरच्या गृहिणीची.