नऊ दिवसांचा बुधवार कसा झाला

बुधवारी वाशी, नेरूळ, बेलापूरहून माहीमला निघालेली माणसं ओळखू येतात. हार्बरच्या गाडीने वडाळ्याला यायचं, तिथे गाडी बदलून वांद्रे-गोरेगावकडची लोकल धरायची आणि किंग्ज सर्कल गेलं की दाराशी सरकायचं. कुणाच्या हातात फुलं असतात, कुणाच्या पिशवीत मेणबत्त्या. यातली सगळी ख्रिस्ती असतात असंही नाही. कुठे निघालात, असं विचारलं तर उत्तर एकच मिळतं: नोव्हेनाला. दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी प्रार्थनेला उभं राहण्याची ही सवय या शहरात इतकी मुरली आहे की ती कायमचीच असावी असं वाटतं. प्रत्यक्षात तिचा हा साप्ताहिक अवतार शंभरेक वर्षांचाच आहे.

मूळ मात्र फार जुनं. येशूच्या स्वर्गारोहणानंतर त्याचे शिष्य आणि आई मरिया यरुशलेममध्ये एकत्र राहून सतत प्रार्थना करत होते, असं बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहे. पुनरुत्थानापासून चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण आणि पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याचं आगमन. मधे राहतात ते नऊ दिवस. पुढे या नऊ दिवसांची प्रथा झाली आणि लॅटिनमधल्या नऊच्या आकड्यावरून तिला नोव्हेना हे नाव पडलं. १८९७ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाच्या, आधीची नोव्हेना दरवर्षी सगळ्या धर्मग्रामांत व्हावी असा आदेश काढला. त्याच्या कितीतरी आधीपासून संतांच्या सणांपूर्वी नऊ दिवस प्रार्थना होतच होत्या. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या फेस्ताआधी त्या आजही होतात.

सलग नऊ दिवस देवळात जाणं गावात जमतं. देऊळ हाकेच्या अंतरावर असतं आणि शेताची कामं थोडी पुढेमागे करता येतात. कारखान्याच्या भोंग्यावर जगणाऱ्या माणसाला ते कसं जमावं? नऊ दिवस एकमेकांपासून लांब करण्याची कल्पना मात्र गिरण्यांच्या आधीच आली होती. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या पारे-ल-मोनियाल इथल्या मठात मार्गारेट मेरी आलाकोक नावाची जोगीण होती. येशूच्या पवित्र हृदयाच्या तिच्या भक्तीतून सलग नऊ महिने पहिल्या शुक्रवारी मिस्साला जाऊन कम्युनियन घेण्याची रीत रूढ झाली. वाशीच्या चर्चचं ‘सेक्रेड हार्ट’ हे नाव याच भक्तिपरंपरेतलं. नऊ दिवसांचे नऊ महिने झाले, आणि हा बदल मला फार मोलाचा वाटतो. नेम माणसाच्या दिनक्रमात बसावा म्हणून ताणता येतो आणि ताणूनही तो नेमच राहतो, हे त्यातून सिद्ध झालं.

माहीमच्या नोव्हेनाचं दुसरं कूळ एका चित्राचं. क्रीटहून रोमला आलेलं लाकडी फळीवरचं हे चित्र १४९९ मध्ये तिथल्या संत मत्तयच्या देवळात बसवलं गेलं. १७९८ मध्ये फ्रेंच फौजांच्या काळात ते देऊळ पाडलं गेलं आणि चित्र विस्मृतीत गेलं. १८६६ मध्ये पोप नववे पायस यांनी ते रिडेंप्टरिस्ट संघाच्या धर्मगुरूंकडे सोपवलं. सतत साहाय्य करणारी माता म्हणून जगभर ओळखलं जाणारं चित्र ते हेच. ते नीट पाहा. बाळ येशूने आईचा हात दोन्ही हातांनी धरला आहे, पण त्याची मान वळलेली आहे. दोन्ही बाजूंना देवदूत आहेत. गाब्रिएलच्या हातात क्रूस आणि खिळे, मायकलच्या हातात भाला. ते पाहून बाळ दचकून आईकडे धावलं असावं, कारण एका पायातली चप्पल सुटून पट्ट्याला लोंबकळते आहे. आई मात्र बाळाकडे पाहत नाही. ती पाहते समोर उभ्या असलेल्या माणसाकडे. आजारपण, भाडं, नोकरी, मुलाची परीक्षा असं काही ना काही घेऊन आलेल्या माणसाला या नजरेची ओढ का वाटते, हे वेगळं सांगायला नको.

या चित्रापुढची आठवड्याची नोव्हेना १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये रिडेंप्टरिस्टांच्या चर्चमध्ये रुजली. तिथे नऊचा हिशेबच मोकळा केला गेला. आठवड्यातला एक वार धरायचा आणि प्रार्थना कधी संपवायचीच नाही. म्हणून ती नित्य नोव्हेना. शहरातल्या नोकरदारांना हे सोयीचं होतं आणि हां हां म्हणता ती देशोदेशी पसरली. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला गेलेल्या फादर एडवर्ड प्लॅसिडस फर्नांडिस यांनी ती तिथे पाहिली आणि मुंबईत आणली. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये पहिली नोव्हेना झाली ८ सप्टेंबर १९४८ रोजी. तो मरियेच्या जन्माचा सण होता आणि वार होता बुधवार. बरोबर अकरा आठवडे आधी, २३ जूनच्या बुधवारी, मनिलाजवळच्या बाक्लारानमध्येही हीच नोव्हेना सुरू झाली होती. आज आशियातल्या या दोन महानगरांत बुधवारची गर्दी सारखीच.

सेंट मायकल चर्चला मरियेचा सहवास त्याआधीही घडला होता. सोळाव्या शतकातलं हे पोर्तुगीज देवस्थान. पुढे मराठ्यांनी साष्टी घेतली, तेव्हा वांद्र्याच्या डोंगरावरची मरियेची मूर्ती इथे आणून ठेवली होती. ती १७६१ पर्यंत इथेच होती.

बुधवारी इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत एकामागून एक नोव्हेना चालतात, त्याही इंग्रजी, कोंकणी, मराठी, हिंदी, तमिळ अशा भाषांतून. बाहेर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात. एकेक प्रार्थना तासाभराच्या आतली: गीत, विनंत्या, छोटं प्रवचन, आजाऱ्यांसाठी आशीर्वाद. माझ्या मते तिचा गाभा पत्रांत आहे. लोक आपलं मागणं आणि आभार कागदावर लिहून देतात आणि त्यातली काही पत्रं मोठ्याने वाचली जातात. कुणाला मूल झालं, कुणाची दारू सुटली, कुणाचा व्हिसा अजून आलेला नाही. अनोळखी माणसाच्या दुःखासाठी शेकडो जण एकदम प्रार्थना करतात. आपलं गाऱ्हाणं घेऊन आलेला माणूस परतताना दुसऱ्याचंही घेऊन जातो. मनाच्या आरोग्याला याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही.

चर्चची आजची इमारत १९७३ ची. ठाणे खाडीवरचा पहिला वाशी पूलही त्याच वर्षी सुरू झाला. मुंबईतल्या खोल्या सोडून सिडकोच्या घरांत आलेल्या कुटुंबांनी सामानाबरोबर बुधवारही खाडीपलीकडे नेला. सुरुवातीला बसचा पल्ला होता. १९९२ मध्ये मानखुर्दहून रेल्वे वाशीला आली आणि वाट सोपी झाली. आता नवी मुंबईतल्या चर्चमध्येही बुधवारची नोव्हेना होते, तरी माहीमची ओढ काही सुटत नाही.

पुष्कळ जण पहिल्यांदा नवस म्हणूनच येतात. नऊ बुधवार करीन, एवढं काम होऊ दे. त्यात कमीपणा काही नाही, आपल्याकडे सोळा सोमवारही असेच सुरू होतात. पण काम झाल्यावरही, किंवा न होताही, जे येत राहतात ते मागण्याच्या पुढे गेलेले असतात. देवाशी बोलण्यासाठी त्यांना संकटाची वाट पाहावी लागत नाही. श्रद्धेची प्रकृती चमत्कारांवर टिकत नाही, ती अशा ठरलेल्या वेळेवर टिकते, असं माझं ठाम मत आहे. तेव्हा आजारपणात, ऑफिसच्या धावपळीत किंवा नुसत्या कंटाळ्याने तुमचे बुधवार चुकले असतील, तर नऊची मोजणी बिघडली म्हणून घरी बसू नका. ही नित्य नोव्हेना आहे. तिच्यात कोणत्याही बुधवारी सामील होता येतं.