कॅमेरा ड्रायव्हरचे दोष : अ‍ॅस्ट्रोफोटोग्राफीतील निदान व निवारण

दुर्बिणीला जोडलेला कॅमेरा आणि संगणकावरील छायाचित्रण सॉफ्टवेअर यांच्यात आज्ञांची व चित्रमाहितीची देवाणघेवाण करून देणाऱ्या आज्ञावलीस कॅमेरा ड्रायव्हर म्हणतात. ही देवाणघेवाण तुटली की कॅमेरा यादीत दिसत नाही, दिसला तरी जोडला जात नाही, एक्स्पोजर संपूनही चित्र हाती येत नाही किंवा येते ते अर्धवट, पट्टेदार, चुकीच्या रंगांचे असते. या लक्षणांना सरसकट ‘ड्रायव्हरचा प्रॉब्लेम’ म्हटले जाते. प्रत्यक्षात दोष वीजपुरवठ्यापासून सॉफ्टवेअरमधील एखाद्या सेटिंगपर्यंत कोठेही असू शकतो. तो कोणत्या पायरीवर आहे हे आधी ठरवणे आणि मग तपासणी खालून वर करत नेणे, हे निवारणाचे मूळ सूत्र आहे.

ड्रायव्हरचे काम : व्हिडिओ कॉलसाठीचा वेबकॅम प्रमाणित आज्ञांवर चालतो, म्हणून त्याला वेगळा ड्रायव्हर बहुधा लागत नाही. खगोलीय कॅमेऱ्याच्या मागण्या निराळ्या असतात. काही मिलिसेकंदांपासून अनेक मिनिटांपर्यंतचे एक्स्पोजर, गेन व ऑफसेट यांचे नियंत्रण, संवेदक ठरावीक तापमानाला थंड ठेवणे आणि प्रक्रिया न झालेली कच्ची माहिती जशीच्या तशी संगणकात उतरवणे ही कामे ड्रायव्हरला पार पाडावी लागतात. त्यात दोन थर असतात. खालचा थर कार्यप्रणालीला यूएसबी उपकरणाची ओळख पटवतो. वरचा थर छायाचित्रण सॉफ्टवेअरला समजेल अशा ठरलेल्या भाषेत बोलतो. खालचा थर बसवला आणि वरचा राहिला, की विंडोजला कॅमेरा दिसतो पण सॉफ्टवेअरला दिसत नाही. नवख्यांची सर्वाधिक गल्लत येथेच होते.

प्रमाणके : एकेकाळी प्रत्येक सॉफ्टवेअरला प्रत्येक उपकरणासाठी स्वतंत्र जोडणी लिहावी लागे. त्यावर उपाय म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस बॉब डेनी यांच्या पुढाकाराने अ‍ॅस्कॉम हे प्रमाणक उभे राहिले. ते विंडोजच्या कॉम या तंत्रावर आधारलेले आहे. निना, शार्पकॅप, मॅक्सिम डीएल, पीएचडी२ ही सॉफ्टवेअर त्याच्या आधारे निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे चालवतात. लिनक्स व मॅकवर इंडी हे प्रमाणक रुळले. एलवूड डाउनी यांनी त्याचा आराखडा केला आणि जसीम मुतलक यांनी त्याचे ग्रंथालय (सॉफ्टवेअर लायब्ररी) वाढवले. इंडीत ड्रायव्हर एका सर्व्हरखाली चालतात आणि केस्टार्समधील ईकॉससारखे सॉफ्टवेअर ७६२४ या पोर्टवरून त्या सर्व्हरशी बोलते. अ‍ॅस्कॉमचेच पुढचे रूप असलेले अल्पाका नेटवर्कवरून चालते, त्यामुळे ते विंडोजपुरते बांधलेले नाही. यांखेरीज उत्पादकाचे ग्रंथालय थेट वापरण्याचा मार्ग असतो, त्याला ‘नेटिव्ह’ ड्रायव्हर म्हणतात. एकच कॅमेरा निनाच्या यादीत नेटिव्ह आणि अ‍ॅस्कॉम अशा दोन नोंदींनी दिसतो तो यामुळेच. एका मार्गाने अडचण आली तर दुसरा वापरून पाहणे ही निदानाची सोपी कसोटी आहे.

वीज व केबल : तपासणीची पहिली पायरी हीच. शीतकरण असलेल्या कॅमेऱ्यांचे इलेक्ट्रॉनिक्स बहुधा यूएसबीतून येणाऱ्या विजेवर चालते, पण शीतकाला १२ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा लागतो. तो नसेल तर कॅमेरा जोडला जातो, चित्रेही देतो, पण ठरवलेल्या तापमानाला पोहोचत नाही. हा ड्रायव्हरचा दोष नव्हे. यूएसबी २ साठी केबलची मर्यादा ५ मीटर आहे. यूएसबी ३ मध्ये सुमारे ३ मीटरच्या पुढे भरवसा कमी होतो. दुर्बीण आकाशाबरोबर फिरत असता केबल ताणली जाते आणि कनेक्टर किंचित सैल होतो. ठरावीक दिशेला दुर्बीण वळल्यावरच कॅमेरा तुटत असेल, तर आधी केबलवर संशय घ्यावा. हब वापरायचा झाल्यास तो स्वतंत्र वीजपुरवठ्याचा असावा. तपासताना मधला हब काढून टाकून कॅमेरा आखूड केबलने थेट संगणकाला जोडावा.

कार्यप्रणाली : विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधील कोड येथे उपयोगी पडतात. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही. कोड ४३ म्हणजे उपकरणानेच बिघाड कळवला, म्हणून विंडोजने ते थांबवले. यांतील शेवटच्या कोडमागे पुष्कळदा केबल किंवा वीज असते. वीज वाचवण्यासाठी विंडोज निष्क्रिय यूएसबी पोर्ट झोपवते. लांब एक्स्पोजरच्या मध्यंतरात कॅमेरा नाहीसा होत असेल, तर पॉवर ऑप्शन्समधील ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावे. लिनक्सवर उपकरण दिसूनही परवानगी नाकारली जात असेल, तर त्या कॅमेऱ्याचा यूडेव नियम बसलेला नसतो.

प्रमाणकाचा थर : ‘क्लास नॉट रजिस्टर्ड’ हा संदेश अ‍ॅस्कॉम वापरणाऱ्यांच्या परिचयाचा आहे. ८००४०१५४ हा सोळाधारी क्रमांक त्याचाच. ड्रायव्हरची नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. कारण बहुधा तीनपैकी एक असते : अ‍ॅस्कॉम प्लॅटफॉर्म बसवण्याआधीच ड्रायव्हर बसवला, ड्रायव्हर अर्धवट काढला गेला, किंवा ३२ आणि ६४ बिटांचा मेळ बसला नाही. डीएलएल स्वरूपातला ३२ बिटांचा ड्रायव्हर ६४ बिटांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही. स्वतंत्र ईएक्सई म्हणून चालणारा ड्रायव्हर दोन्हींना चालतो. गायडिंगसाठीचे, म्हणजे दुर्बीण ताऱ्यावर अचूक रोखून ठेवण्यासाठीचे, पीएचडी२ विंडोजवर दीर्घकाळ ३२ बिटांचेच होते, तर चित्रे घेणारी नवी सॉफ्टवेअर ६४ बिटांची झाली. त्यामुळे तोच कॅमेरा एका सॉफ्टवेअरमध्ये चालतो आणि दुसऱ्यात चालत नाही, असा चकवा निर्माण होतो.

कॅमेऱ्यावरील ताबा : नेटिव्ह मार्गाने एक कॅमेरा एका वेळी एकाच सॉफ्टवेअरला मिळतो. गायडिंगचे सॉफ्टवेअर मुख्य कॅमेरा चुकून उघडून बसले, तर छायाचित्रणाचे सॉफ्टवेअर तो जोडू शकत नाही. मुख्य आणि गायडिंगचा असे दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे असतील तर ही चूक सहज होते, म्हणून यादीतले नाव आणि क्रमांक पाहूनच निवड करावी. बंद केलेले सॉफ्टवेअर कधी पडद्याआड चालूच राहते, ते टास्क मॅनेजरमधून संपवावे लागते. डीएसएलआर कॅमेऱ्यांत वेगळी अडचण येते. लिनक्सवर फाइल व्यवस्थापक आणि मॅकवर पीटीपी सेवा कॅमेरा जोडताच त्याचा ताबा घेतात. त्या थांबवल्याखेरीज छायाचित्रण सॉफ्टवेअरला तो मोकळा मिळत नाही.

माहितीचा भार : ६२४८ × ४१७६ पिक्सेलांच्या संवेदकाचे १६ बिटांचे एक चित्र सुमारे ५२ मेगाबाइटचे होते. यूएसबी २ ची कमाल गती सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे कागदोपत्री ६० मेगाबाइट आहे; व्यवहारात ती बरीच कमी मिळते. काही मिनिटांच्या एक्स्पोजरला हा विलंब चालतो. ग्रहांच्या छायाचित्रणात मात्र १९३६ × १०९६ पिक्सेलांच्या ८ बिट चौकटी सेकंदाला १०० घ्यायच्या झाल्या, तर सेकंदाला सुमारे २१२ मेगाबाइट वाहून न्यावे लागतात. तेथे यूएसबी ३ ला पर्याय नाही. चौकटी गळणे, चित्र अर्ध्यातून तुटणे, टाइमआउट येणे ही भार न पेलल्याची लक्षणे आहेत. ड्रायव्हरमधील ‘यूएसबी लिमिट’ किंवा ‘यूएसबी ट्रॅफिक’ हे सेटिंग बदलून पाहावे आणि गायडिंग कॅमेरा वेगळ्या पोर्टवर घ्यावा. लिनक्सवर यूएसबीएफएस या व्यवस्थेला मूळ सेटिंगनुसार १६ मेगाबाइट स्मृतीच मिळते. मोठ्या संवेदकांना ती अपुरी पडते, म्हणून वाढवावी लागते.

ड्रायव्हरसारखे भासणारे दोष : रंगीत कॅमेऱ्याच्या चित्रावर हिरवट किंवा जांभळट छटा, बारीक जाळी दिसली तर बायर रचना, म्हणजे पिक्सेलांवरील रंगगाळण्यांची मांडणी, चुकीची निवडलेली असू शकते. आरजीजीबीऐवजी जीबीआरजी धरले तरी असे होते. चित्र साफ काळे दिसल्यास आधी हिस्टोग्राम पाहावा. कच्च्या चित्रात तेजोमेघाचा प्रकाश अगदी थोड्या पातळ्यांत दडलेला असतो आणि स्ट्रेच केल्याशिवाय तो दिसत नाही.

निदानाचा क्रम : प्रथम कॅमेऱ्याऐवजी सिम्युलेटर, म्हणजे कॅमेऱ्याची नक्कल करणारा ड्रायव्हर, जोडावा. तो चालला तर सॉफ्टवेअर आणि प्रमाणक यांचा सांधा ठीक आहे. मग उत्पादकाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये खरा कॅमेरा उघडावा. तेथेही तो चालत नसेल तर दोष वीज, केबल, यूएसबी थर किंवा खुद्द कॅमेऱ्यात आहे. तेथे चालून छायाचित्रण सॉफ्टवेअरमध्ये अडत असेल तर वरचा थर तपासावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, कारण केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर एकदम बदलले तर दोष गेला तरी कशामुळे गेला हे कळत नाही आणि तो पुन्हा आल्यास शोध पहिल्यापासून सुरू होतो. अ‍ॅस्कॉमच्या लॉग फाइली डॉक्युमेंट्समधील अ‍ॅस्कॉम या फोल्डरमध्ये तारखेनुसार साठतात. निना आणि पीएचडी२ आपापल्या लॉग फाइली ठेवतात. लॉगमधली पहिली चूक महत्त्वाची असते, पुढच्या बहुतेक तिच्यातून उद्भवतात.

ड्रायव्हर पुन्हा बसवताना सर्व सॉफ्टवेअर बंद करून कॅमेरा काढावा, जुना ड्रायव्हर काढून टाकावा, संगणक पुन्हा सुरू करावा, अ‍ॅस्कॉम प्लॅटफॉर्म अद्ययावत असल्याची खात्री करावी, मग उत्पादकाचा यूएसबी ड्रायव्हर आणि अ‍ॅस्कॉम ड्रायव्हर बसवून शेवटी कॅमेरा जोडावा.

खबरदारी : चालू असलेली जुळणी निरीक्षणाच्या दिवशी अद्ययावत करू नये. नीट चालणाऱ्या ड्रायव्हरची इन्स्टॉलर फाइल आणि सॉफ्टवेअरचे प्रोफाइल जपून ठेवावे. ड्रायव्हर बदलल्यावर गेन आणि ऑफसेट पूर्वीचेच आहेत का हे पाहावे. ते बदलले असतील तर झाकण लावून घेतलेल्या जुन्या डार्क फ्रेम नव्या चित्रांना लागू पडत नाहीत आणि ही चूक कळते ती सारी रात्र खर्ची पडल्यावर, चित्रे जोडताना.

महाराष्ट्रात ही खबरदारी अधिकच गरजेची आहे. पावसाळ्याचे चार महिने उपकरणे पेटीत असतात, संगणक मात्र त्या काळात विंडोजचे अपडेट घेत राहतो आणि दमट हवेत कनेक्टरच्या पिनांवर गंज धरू शकतो. म्हणून ऑक्टोबरातील पहिल्या अमावास्येच्या आठवडाभर आधी, घरात, दिवसाउजेडी, कॅमेऱ्याला झाकण लावून सगळी जुळणी करावी आणि निदान तासभर सलग एक्स्पोजर घ्यावीत. त्या तासाभरात सापडलेला दोष दुकाने उघडी असताना सापडतो. तोच शहरापासून दूर, अंधाऱ्या माळावर सापडला तर महिन्यातली एखाददुसरी निरभ्र, चंद्रहीन रात्र हातची जाते.