ज्योत्स्नाबेनची मातीची मांजरे

बडोद्याच्या कलापरंपरेचा विषय निघाला की सयाजीराव महाराज आणि राजा रविवर्मा यांची नावे आपण अभिमानाने घेतो. त्याच परंपरेत ज्योत्स्ना भट्ट (१९४०–२०२०) यांचेही नाव यायला हवे. त्यांची मांजरे, पक्षी आणि घुबडे मातीची, म्हणून कोणी त्यांना शोभेच्या वस्तूंत जमा करू नये; ती शिल्पे आहेत.

ज्योत्स्नाबेन मूळच्या कच्छमधील मांडवीच्या. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये काही काळ शिकून त्या बडोद्यास आल्या. सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत शंखो चौधुरी हे त्यांचे गुरू. चौधुरी स्वतः शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांच्या हाताखाली तयार झालेले. बारकाव्यांचा पसारा टाळून मूळ घाट पकडण्याची त्यांची दृष्टी ज्योत्स्नाबेनच्या कामातही दिसते. पुढे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियम आर्ट स्कूलमध्ये जोलियन हॉफस्टेड यांच्याकडे त्या सिरॅमिक शिकल्या. परतल्यावर बडोद्यातच त्यांनी २००२ पर्यंत विद्यार्थी घडवले. प्रसिद्ध छापचित्रकार ज्योती भट्ट हे त्यांचे पती.

हे काम दिसते तितके सोपे नाही. आपली शाडूची मूर्ती न भाजलेली असते, म्हणून ती पाण्यात विरघळते. भट्टीत भाजलेली माती पुन्हा कधीच चिखल होत नाही. शिवाय स्टोनवेअरला सुमारे १२०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक आच लागते. शिल्प भरीव व जाड असेल, तर आत राहिलेल्या ओलाव्याची वाफ होऊन ते फुटते. म्हणून ते आतून पोकळ ठेवायचे, सावकाश वाळवायचे, एकदा भाजायचे, मग झिलई चढवून पुन्हा भाजायचे. भट्टी उघडेपर्यंत रंगाची खात्री देता येत नाही.

ज्योत्स्नाबेनना चकचकीत झिलईपेक्षा मंद, मॅट झिलई आवडे. तिच्यात शेवाळी हिरव्यापासून निळसर हिरव्यापर्यंतच्या छटा असत. चकाकीत नजर घसरते. मंद पृष्ठभागावर पाठीची कमान आणि मानेचा बाक नीट दिसतो. केस न कोरताही मांजर ओळखू येते ते या बाकामुळेच.

ब्राँझ आणि संगमरवराला मोठे मानणाऱ्या काळात त्यांनी आयुष्यभर मातीच हाती धरली. आपल्याच शहरातल्या या कलावतीची शिल्पे पाहण्याची संधी आली, तर मुलांना आवर्जून सोबत न्यावे.